आलीस रविवारी, तर

ऑक्टोबरच्या पानावर ती नव्हती. आलेइडाने चष्मा पुसला, दिव्याच्या बाजूला थोडी सरकली आणि पुन्हा पाहिलं. एकवीस कोरी, बावीस कोरी, आणि तेविसाला मेइंडर्ट, शेजारच्या शेतावरचा, ज्याने आयुष्यात कुणाला साधं फूल दिल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. भावाच्या घरच्या संडासात ती बसली होती. समोरच्या भिंतीवर, बसल्यावर बरोबर डोळ्यांपुढे येईल अशा उंचीवर, वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. ते टांगायची जागा हीच, स्टेडुमसारख्या खेड्यात काय किंवा ख्रोनिंगन शहरात काय. त्याला साल नसतं, वार नसतात, नुसत्या तारखा आणि त्यांच्यापुढे माणसं. एकदा लिहिलं की वर्षानुवर्षं तेच चालतं, आणि दिवसातून चारदा तिथे येऊन बसणाऱ्या घराला आपली माणसं आपोआप पाठ होतात. हे कॅलेंडर मात्र नवं होतं. गेल्या वर्षीपर्यंत इथे आईचं जुनं, दमटपणाने फुगलेलं कॅलेंडर असायचं. हे पक्ष्यांच्या चित्रांचं होतं आणि अक्षर भावजयीचं, फ्राउकेचं. आलेइडाने पानं उलटायला सुरुवात केली. आपण चोरी करतोय असं तिला वाटलं, तरी हात थांबेना. जूनमध्ये फ्राउकेचे केस कापणारी बाई होती. मे महिन्यात बाबा होते, नावापुढे बारीकसा क्रूस काढून. डिसेंबरात आई होती, तसाच क्रूस. मेलेली माणसं एकूण एक उतरवून घेतली होती. ती परत ऑक्टोबरवर आली, बोट ठेवून आपल्या बावीस तारखेची ओळ चाचपून पाहिली, जणू नाव पुसट लिहिलं गेलं असेल आणि बोटाला तरी लागेल. तेवढ्यात दाराची कडी हलली आणि बाहेरून मेइंडर्टचा आवाज आला, "आत कोणी बिऱ्हाड केलंय का?"

फ्राउकेचा अडुसष्टावा वाढदिवस होता, आणि वाढदिवस म्हणजे गोल मांडलेल्या खुर्च्या. आल्याबरोबर आलेइडाने त्या गोलातून फिरून प्रत्येकाशी हात मिळवला होता. मेइंडर्टला शेजारणीबद्दल अभिनंदन, हार्मला बायकोबद्दल अभिनंदन, आणि सगळ्यांनी तिला उलट सांगितलं होतं, भावजयीबद्दल अभिनंदन. इथे वाढदिवस एकट्याचा नसतो, ज्याचं ज्याचं ते माणूस असतं त्या सगळ्यांना त्याचा वाटा मिळतो. तासाभरापूर्वी तिने आपला वाटा सहज घेऊन टाकला होता. आता त्याच खुर्चीवर परत येऊन बसताना तिला वाटलं, आपण चुकून भलत्याच घरात शिरलोय आणि लोक शिष्टाचार म्हणून गप्प आहेत. "काय लेइडा, पोट बरं आहे ना?" हार्मने विचारलं. तो तिच्याहून साडेतीन वर्षांनी मोठा, सत्तरीचा, मोठ्या हातांचा माणूस. तिला लेइडा म्हणणारा आता जगात तो आणि त्याची बायको एवढेच उरले होते. "बरं आहे," ती म्हणाली. "मग केक खा की. मेइंडर्ट, केक कसा झालाय सांग हिला." मेइंडर्टने घास गिळला, विचार केला आणि म्हणाला, "याहून वाईट होऊ शकला असता." सगळे समाधानाने हसले, कारण या मुलखात याच्या वरची स्तुती नाही. फ्राउके म्हणाली, "ऐकलंस? बत्तीस वर्षांत पहिल्यांदा एवढं चांगलं बोलला माझ्याशी." आलेइडाही हसली. केकचा तुकडा तोंडात फिरत राहिला. विचारायचं तरी काय, आणि कोणत्या तोंडाने? संडासातलं कॅलेंडर वाचून आलेल्या बाईने भर गोलात उभं राहून म्हणायचं, की मी त्यात नाही? सहासष्ट वर्षांच्या बाईने? तिने कॉफी संपवली, दुसरी नको म्हटलं आणि चारच्या गाडीने जाते असं सांगितलं. कोणी आग्रह केला नाही. आग्रह करायची इथे रीत नाही हे तिला जन्मापासून माहीत होतं, तरी त्या दिवशी ते लागलं.

गाडीत तिच्या समोरची जागा रिकामी होती. बाहेर बीटची शेतं, मग चर्चचा बुटका मनोरा, मग पुन्हा बीट. ती जुनं कॅलेंडर आठवत बसली. लहानपणी त्या संडासात पाय लोंबकळत ठेवून ती त्या कॅलेंडरावरच अक्षरं शिकली होती. तिला आपलं नाव स्पष्ट दिसत होतं, ऑक्टोबरच्या बावीसपुढे, निळ्या शाईत, आईच्या आखडत्या अक्षरात. म्हणजे तिथून इथे येताना ते गळलं. गळतं कसं? बाबांचा चुलतभाऊ उतरवून घेतला, केस कापणारी बाई नव्याने चढली, आणि सख्खी नणंद गळते? तिने स्वतःला बजावलं की हे फार बालिश चाललंय. चुका होतात, तिच्या स्वतःच्या हातून विद्यापीठात वाक्यांची कार्डं उतरवताना शेकड्यांनी झाल्या होत्या. पण कार्डं उतरवणाऱ्या माणसालाच हेही ठाऊक असतं की चूक कुठेही पडत नाही. ज्या ओळीत आपला जीव नसतो त्या ओळीवरूनच डोळा घसरतो. मार्चमध्ये हार्मची सत्तरी झाली तेव्हा ती बेल्जियममध्ये परिषदेला होती. त्याच्या आदल्या वर्षी ताप होता. त्याच्या आदल्या वर्षी काय होतं ते आठवेना. आणि या सगळ्यांच्या मागे, सहा वर्षांमागे, एक रविवार होता. त्याच्याकडे ती आजवर सरळ बघत नव्हती. फ्राउके तो विसरली नसणार. हार्मही विसरला नसणार. बोलले नाहीत, एवढंच. बोलायचं नाही आणि ओळ गाळायची, हे अगदी स्टेडुमला शोभण्यासारखं होतं.

विद्यापीठातली तिची खोली बावीस ऑक्टोबरच्या आत रिकामी व्हायची होती. त्या दिवशी तिला सदुसष्ट पूर्ण होणार होती आणि सदुसष्ट पूर्ण झालेल्या माणसाची खोली दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची होते. म्हणजे तिची जन्मतारीख एका कार्यालयाला तरी पाठ होती. खोलीत सांगण्यासारखं काही नव्हतं, एक कुंडी, एक सायकलचा रेनकोट, आणि भिंतभर लाकडी खण, त्यांत अकरा हजारांवर कार्डं. चाळीस वर्षं तिने एकाच तऱ्हेची वाक्यं गोळा केली होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती ते खुर्च्यांवरून समजावून सांगायची. म्हणायची, आपल्या इकडच्या भाषेत साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या खुर्चीवर बसतं, आणि पोटवाक्यात त्याने मुकाट्याने सगळ्यांत शेवटच्या खुर्चीवर जायचं. दारात 'जर' नावाचा पाहुणा उभा असला की क्रियापद मागे. पण कधी कधी हा 'जर' येतच नाही. मग शेवटचं क्रियापद उठतं आणि सगळ्यांना ओलांडून पहिल्या खुर्चीवर येऊन बसतं. पडला पाऊस, तर राहू घरी. आलं वादळ, तर गाई आत. असते आज बाबा, तर हसले असते. मुलं विचारायची, मग फरक काय? अर्थ तर तोच. पुस्तकांतही तेच लिहिलं होतं, हा नुसता आळस आहे, नाहीतर जुन्या कागदपत्रांचा थाट. आलेइडाने सगळं आयुष्य एवढंच सांगण्यात घालवलं की अर्थ तोच नाही. 'जर' म्हणणाऱ्या माणसाने कुंपण घालून ठेवलेलं असतं. क्रियापद पुढे ठेवणाऱ्याने गोष्ट नुसती समोर आणून ठेवलेली असते, घडलेली नाही आणि न घडलेलीही नाही, आणि तो अजून कुठल्याच बाजूला उभा नसतो. दिसायला हा प्रश्नच. येतेस रविवारी? येतेस रविवारी, तर. तोंडवळा एकच. पण प्रश्न उत्तरासाठी थांबतो आणि हे वाक्य थांबत नाही. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं की असं वाक्य बोलणारा माणूस उत्तराची अपेक्षा धरत नाही. सत्तावीस वर्षांची असताना लिहिलेलं हे वाक्य तिचं सगळ्यांत जास्त ठिकाणी उद्धृत झालं. आणि ज्यांना दुसरा भाग नसतोच, असते मी तिथे, एवढं बोलून माणूस गप्प होतो, अशा वाक्यांचा तिने खिडकीखाली निराळा खण केला होता. त्यावर चिठ्ठी होती, अर्धी.

"हे सगळं संगणकात आहे ना?" रुलॉफ दारातून म्हणाला. रुलॉफ विभागप्रमुख, तिचाच जुना विद्यार्थी, आता टक्कल पडलेला. "वाक्यं आहेत. कार्डं नाहीत." "वाक्यं असली म्हणजे झालं की." त्याला स्वतःलाच ते कठोर वाटलं असावं, कारण तो आत येऊन एका खणावर हात फिरवू लागला. "गुरुवारी गाडी येईल कागद न्यायला. एखादा खण आठवण म्हणून ने घरी." "कुठला नेऊ?" "ज्याच्यात तुझी माणसं असतील तो," तो हसत म्हणाला आणि निघताना दारात थांबला, "केक तू आणणार आहेस ना बाविसाला? नाहीतर मला आणावा लागेल, आणि माझी चव तुला माहीत आहे." ज्याचा वाढदिवस त्याने आपला केक आपणच घेऊन यायचा ही इथली पद्धत. आलेइडाने कित्येक वर्षांत आणला नव्हता, आणि ज्याने केक आणला नाही त्याचा वाढदिवस झाला नाही, इतकं ते साधं होतं. "आणेन," ती म्हणाली. तो गेल्यावर ती खिडकीखालच्या खणाशी खुर्ची ओढून बसली. रुलॉफ सहज बोलून गेला होता, पण त्या खणात तिचं एक माणूस खरंच होतं.

आई फोनवर फारशी बोलत नसे. फोनवर बोललेलं हवेत जातं, म्हणायची. ती पत्रं लिही, दर बुधवारी, आखलेल्या कागदावर, आणि तिची निम्मी वाक्यं क्रियापदापासून सुरू होत. एकोणीसशे एकोणतीस सालची उत्तरेकडची शेतकरीण, शाळा सहावीपर्यंत. याहून चांगली खाण आलेइडाला शोधूनही सापडली नसती. पत्र आलं की ती पेन्सिल घेऊनच वाचायला बसे. कामाचं वाक्य कार्डावर उतरवायचं, खाली लिहायचं, स्त्री, जन्म १९२९, शेतकरी घर. जेवढा भाग कामाचा तेवढाच घ्यायचा, बाकीच्या जागी तीन टिंबं. मग पत्र रद्दीत. चाळीस वर्षांचा हात होता तो, त्यात दुष्टावा काही नव्हता. पुस्तक छापून आलं तेव्हा तिने पहिली प्रत आईला नेऊन दिली होती. आईने ॲप्रनला हात पुसले, चष्मा लावला आणि पानं उलटत उलटत एका जागी थांबली. "आलं वादळ, तर गाई आत. हे मी म्हटलेलं." "हो आई, तूच." "मग माझं नाव कुठे आहे?" "उदाहरणाखाली नाव लिहीत नाहीत, आई. तशी पद्धत नसते." "अस्सं," आई म्हणाली, "पद्धत नसते होय." आणि ते पुस्तक तिने कपाटात चांगल्या बशांच्या शेजारी ठेवलं, आल्यागेल्याला दाखवलं, उदाहरण क्रमांक एकेचाळीस. आपण तेव्हा हसलो होतो, आलेइडाला आठवलं. आईही हसली होती, पण जरा उशिराने.

कार्ड लगेच सापडलं, कारण ते शेवटचं होतं. आलीस रविवारी, तर. पुढे तीन टिंबं. स्त्री, जन्म १९२९. आईचं शेवटचं पत्र. ते तिला एका गुरुवारी मिळालं, उतरवून झालं आणि रद्दीत गेलं. रविवारी जोराचा वारा होता, टेबलावर मुलांचे निबंध होते, आणि पत्राला उत्तर द्यायला हवं असं तिला वाटलंच नाही. आईने विचारलं कुठे होतं? समोर ठेवलं होतं फक्त. येशील तर ये. अकरा दिवसांनी हार्मचा फोन आला, सकाळी नऊ वाजता, आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या बसल्या गेली म्हणून. दफनाहून परतल्यावर आलेइडाने हे कार्ड काढून पाहिलं होतं. पुढचा भाग तिला आठवेना. तर काय? तर मी बिस्किटं भाजते? तर चर्चला जाऊ? तर मला काही सांगायचं आहे? आईने ते लिहिलं होतं, तिने ते वाचलंही होतं आणि कामाचं नाही म्हणून त्याची टिंबं केली होती. त्या दिवशी तिने कार्ड 'अर्धी' या खणात टाकलं. ते तिथलं नव्हतं. ते आईने पूर्ण लिहिलं होतं आणि अर्धं हिने केलं होतं. सहा वर्षं ती या एका वाक्याला निरनिराळे शेवट लावून पाहत आली, रांगेत उभी असताना, कालव्याकाठी सायकलवरून जाताना, आणि लावलेला प्रत्येक शेवट तिला दोषी ठरवत होता. आता स्टेडुमच्या भिंतीनेही तेच सांगितलं होतं. आली नाहीस त्या रविवारी, तर हे असं. तिने कार्ड कोटाच्या खिशात घातलं. बाकीचे खण तिने तसेच राहू दिले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. तिने भाजी आणली, अर्धी शिजवली. तिच्या स्वतःच्या संडासात कॅलेंडर नव्हतं, तिथे एक नकाशा लावलेला होता, बोलींच्या सीमा दाखवणारा. पूर्वी पाहुण्यांना तो गमतीचा वाटे, आता पाहुणे नव्हते. पेनसाठी हात जाई आणि हार्मला पत्र लिहायचं राहून जाई. लिहिणार काय? मी तुझ्या घरात आहे का? हा प्रश्न होता, धडधडीत, उत्तर मागणारा, आणि आपण असा प्रश्न आजवर कोणालाच विचारला नाही हे तिच्या हळूहळू ध्यानात आलं. तिने माणसांना विचारलं ते कामाचं, तुमच्याकडे हे कसं म्हणतात. उत्तर नको असणाऱ्या वाक्यांवर तिने आयुष्य काढलं कारण ती तिला मानवत होती. बुधवारी दुपारी, म्हणजे आईच्या पत्रांच्या वारी, ती कोट घालून स्टेशनवर गेली. तिने फोन केला नाही. न कळवता कुणाच्या दारात जाणं इथे जवळजवळ गुन्हाच, आणि ते तिला ठाऊक होतं. पण फोन केला असता तर आपण हवापाण्याचं बोलून तो ठेवून दिला असता, हेही ठाऊक होतं.

दार उघडलं आणि फ्राउकेचा चेहरा पांढरा पडला. "कोण गेलं?" "कोणी नाही. मी आलेय नुसती." "नुसती?" फ्राउकेने तिच्यामागे रस्त्यावर पाहिलं, तिथे खरंच दुसरं कोणी नव्हतं. "बाई गं, काळजाचं पाणी झालं माझ्या. ये आत. आज सूपमध्ये मटणाचे गोळे मोजून तीन तीनच केलेत हां, सांगून ठेवते." हार्म बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून भिंतीच्या तळाशी लाकडी पट्ट्या ठोकत होता. जमिनीखालचा गॅस काढून काढून जमीन हादरायची, त्याने घराला भेगा पडल्या होत्या, वसंतात भिंती पाडून पुन्हा बांधल्या होत्या आणि त्याचं काम अजून निघतच होतं. "मोई," त्याने तोंडात खिळे धरूनच इकडचा नमस्कार केला आणि ठोकणं चालू ठेवलं. स्वयंपाकघरात कॉफीचा कप पुढे आला, एक बिस्किट आलं, डबा बंद झाला. आलेइडाने कोट काढला नाही. खिशातल्या कार्डाचा कोपरा बोटाला टोचत होता. "फ्राउके," ती म्हणाली, "मी तुमच्या कॅलेंडरात नाही." आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. ठोकणं थांबलं.

 फ्राउके उठून गेली, संडासातलं कॅलेंडर खिळ्यासकट घेऊन आली आणि कपाटावरून एक बिस्किटांचा जुना डबाही काढला. "बघू. ऑक्टोबर." तिने पान उलटलं. "खरंच की. नाहीस." "का?" "का म्हणजे? मी आईंचं होतं तसं उतरवलं. भिंत पाडली तेव्हा जुनं हातातच सुटं झालं, हे बघ." डब्यात आईच्या कॅलेंडरची फुगलेली पानं होती. आलेइडाने ऑक्टोबर काढला. बावीसच्या पुढे काही नव्हतं. निळी शाई नव्हती, खोडल्याची खूण नव्हती, पिवळा पडलेला कागद तेवढा होता. जे नाव तिला साठ वर्षं दिसत होतं ते तिथे कधी लिहिलेलंच नव्हतं. "तुझं एकटीचं नाही हां," फ्राउके म्हणाली, "हार्मचंही नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं आईंना, पोरांची नावं कशी नाहीत म्हणून. तर माझ्याकडे अशा बघितल्या जशी मी वेडीच आहे. म्हणाल्या, ज्या दिवशी मी त्यांना जन्म दिला तो दिवस मला भिंतीवर वाचावा लागेल काय?" आलेइडाने ती कोरी ओळ पुन्हा बोटाने चाचपली. "हार्मचं मला पाठच आहे, नवरा आहे माझा. तुझं... खरं सांगू का, लेइडा, माझ्या डोक्यातच आलं नाही." असं तोंडावर बोलणारी बाई होती ती. आलेइडाला ते लागलं आणि त्याच वेळी तिला बरंही वाटलं, कारण त्यात कसलाही डाव नव्हता. तिला शिक्षा कोणी दिली नव्हती. तेवढा तिचा विचारच कोणी केला नव्हता.

"आणि तसं म्हटलं तर हे तूच उतरवायचं होतंस," फ्राउके कप विसळता विसळता म्हणाली. "आईंनी तुला लिहिलं नव्हतं का? आलीस रविवारी, तर कॅलेंडर उतरवून घेऊ. मी म्हटलं होतं, मी देते करून, हात कापतो तुमचा. ऐकतायत कसल्या. म्हणाल्या, लेइडाचं अक्षर छापल्यासारखं आहे, तिचं कामच ते, तीच करील. हे पक्ष्यांचं नवं कॅलेंडर, दोन पेनं, सगळं टेबलावर मांडून बसल्या होत्या. मी चारला आले तेव्हाही बसलेल्याच होत्या." "मग?" "मग काय, उचललं. म्हणाल्या, नाही आली, तर नाही आली. तेव्हापासून कपाटातच होतं ते, आत्ता काढलं." नळ बंद झाला. कार्डावरच्या तीन टिंबांची जागा भरली होती. सहा वर्षं जे वाक्य तिला दोषी ठरवत होतं ते एवढंच होतं, घरगुती, हलकं. आणि हा हलकेपणाच तिला पेलवेना. आईने आपलं नाव लेकीच्या पुस्तकात नसलेलं सोसलं, आणि मग त्याच लेकीच्या अक्षरात आपली सगळी माणसं लिहून घ्यायला चार वाजेपर्यंत वाट पाहिली. उत्तराची अपेक्षा नसते म्हणे. खोटं लिहिलं मी, आलेइडाच्या मनात आलं, चाळीस वर्षं खोटं शिकवलं. ती रडली, कोट घातलेलाच, टेबलावर कोपर टेकून.  फ्राउकेने बिस्किटांचा डबा उघडला आणि दुसरं बिस्किट काढून बशीत ठेवलं.

"पेन दे," आलेइडा थोड्या वेळाने म्हणाली. "आधी हार्मचं लिहिते." तिने मार्चचं पान काढलं. टिटवीचं चित्र होतं. तिने आपलं छापल्यासारखं अक्षर काढायला पेन टेकवलं आणि हात तिथेच राहिला. आठ की नऊ? सत्तरीचं निमंत्रण शनिवारचं होतं, शनिवार म्हणजे कधी? तिने आठवून पाहिलं, आईने पत्रात आठवण करून दिलेली वर्षं, घाईने टाकलेली पत्रं, जी दोन दिवस आधी पडोत की दोन दिवस नंतर, हार्मने कधी काही म्हटलं नव्हतं. फ्राउके तिच्या हाताकडे बघत होती आणि मुद्दाम सांगत नव्हती. आलेइडाचे कान गरम झाले. "हार्म," तिने बसल्या जागेवरून हाक मारली, "तुझा वाढदिवस आठला असतो की नऊला?"

बैठकीच्या खोलीत हातोडी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, मग गुडघ्यांवर हात टेकून उठणाऱ्या माणसाचं कण्हणं. हार्म दारात येऊन उभा राहिला, भुवयांवर चुन्याची धूळ. त्याने टेबलावरची सुटी पानं पाहिली, बहिणीचा चेहरा पाहिला. "नऊला," तो म्हणाला. तिने लिहिलं. आपल्याच घरातल्या भिंतीवर आपलं नाव चढताना तो गंभीरपणे बघत होता. मग फ्राउकेने पेन तिच्या हातातून घेतलं, कारण आपलं नाव आपण लिहायचं नसतं, आणि ऑक्टोबरचं पान पुढे ओढलं. "आणि तुझा गं? एकवीस ना? की..."

आलेइडाने सांगायला तोंड उघडलं.

"बावीस," हार्म म्हणाला. "बीटची पहिली गाडी त्या दिवशी निघायची होती आणि बाबांनी जुंपलेले घोडे सोडून ठेवले. मला मेइंडर्टकडे नेऊन बसवलं होतं. संध्याकाळी आई म्हणाली, बघ, आली." तो वाकून पानाकडे बघत होता. "लेइडाच लिही. आलेइडा एवढं मोठं बसायचं नाही त्या ओळीत."